बर्फात जाणारे कोट

धाकटीने साठी ओलांडली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. ती कारखान्यात आली तेव्हा शिवणाऱ्या बायकांमध्ये वयाने सगळ्यात लहान होती, आणि कापड बेतणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी हाक मारली, "ए धाकटे, तो तागा इकडे आण." ती हाक तिला जी चिकटली ती चिकटलीच. तिच्या मागून आलेल्या, तिच्या लेकीच्या वयाच्या पोरी पुढे तिला 'धाकटीताई' म्हणू लागल्या, आणि त्यात काही गंमत आहे हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

कारखाना बंदराला लागून होता. जाड दगडी भिंती, उंच छत. एके काळी तिथे गलबतांची शिडं शिवत. शिडांचे दिवस सरले तेव्हा मालकांच्या वडिलांनी ताडपत्र्या शिवल्या, आणि ताडपत्र्यांनाही गिऱ्हाईक उरेना तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने एक वेगळंच काम चालून आलं. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फावर राहून अभ्यास करणारी एक संस्था होती. तिथल्या माणसांना नखशिखान्त जाड कपडे हवे होते. जाडजूड कापडातून सुई पार करायची सवय असलेले हात शोधत ते लोक इथवर आले. खरं तर या गावात कुणी जन्मात कधी बर्फ पडलेला पाहिला नव्हता. बर्फ बघायचा तर मासळीच्या पेट्यांत.

आत शिरलं की समुद्राकडच्या खिडक्यांखाली मशीनांच्या दोन लांब ओळी दिसत आणि मधोमध मास्तरांचं टेबल. शिडाचा अख्खा पन्हा पसरता यावा म्हणून ते जागेवरच बांधलेलं होतं. त्याच्या लाकडावर इतक्या वर्षांच्या खडूची पूड मुरलेली की हात टेकला की तळवा पांढरा व्हायचा. मास्तर बुटके, कानाच्या मागे कायम खडूचा तुकडा. बोलणं तिखट, पण नवीन मुलीचं बोट सुईखाली आलं तर पट्टी बांधायला सगळ्यात आधी तेच उठायचे.

कोटाचं काम नाजूक होतं. थरावर थर, आत मऊ लोकर, मध्ये भरण, वर घट्ट विणीचं कापड. वारा सुईने पडलेल्या भोकातूनही आत शिरतो, म्हणून बाहेरची शिलाई आतल्या शिलाईवर येता कामा नये. बटणं मोठी, कारण जाड हातमोजे घातलेल्या बोटांना ती लागली पाहिजेत. धाकटीच्या पहिल्या बाह्या मास्तरांनी दोनदा उसवून तिच्या मांडीवर टाकल्या. तिसऱ्यांदा त्यांनी बाही उलटून बघितली, सुलटून बघितली आणि काहीच न बोलता पुढच्या कोटाकडे वळले. ही शाबासकी होती हे तिला शेजारणीने सांगितलं.

कोट तयार झाले की त्यांची परीक्षा व्हायची. समोरच्या मासळीच्या व्यापाऱ्याचं कोल्ड स्टोरेज होतं, तिथे कोट घालून उभं राहायचं. धाकटीची पाळी आली त्या दिवशी ती कोट, लोकरीच्या झालरीची टोपी, हातमोजे, सगळा जामानिमा करून आत गेली. दोन्ही बाजूंना गोठलेल्या माशांचे ढीग आणि मध्ये ही. मास्तरांनी दाराबाहेरून विचारलं, कुठे गार लागतंय का? तिने ओरडून सांगितलं, घाम येतोय. मास्तर इतके खूश झाले की कोट उतरवायला सांगायचं विसरले, आणि ती तशीच भर दुपारी रणरणत्या उन्हात रस्ता ओलांडू लागली. कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथला तरुण हातातली चेन खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आज गारठा जरा जास्तच आहे, नाही?"

त्याच्याशीच तिचं लग्न झालं. ही गोष्ट तो पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगायचा, आणि दर खेपेला तिच्या टोपीची झालर थोडी लांब होत जायची.

बर्फवाल्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा धाकटीची मुलगी रांगत होती. बाई संस्थेतल्या अभ्यासक. नाव मोठं होतं, पण कारखान्यात सगळे त्यांना बर्फवाल्या बाईच म्हणत. किरकोळ अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. पुरुषांच्या मापाचे कोट आजवर त्यांनी बाह्या दुमडून घातले होते. आपल्या मापाचा कोट शिवून घ्यायला त्या स्वतः आल्या होत्या. धाकटीने माप घेता घेता विचारलं, आणखी काय हवंय? बाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, आत, अगदी अंगाशी एक खिसा मिळेल का? थंडीत यंत्रांच्या बॅटऱ्या मरून जातात, त्या उबेत ठेवाव्या लागतात. धाकटीने काखेच्या खाली, झोपलं तरी टोचणार नाही अशा बेताने खिसा बसवून दिला.

पुढच्या वर्षी बाई परतल्या त्या कोट दुरुस्तीला घेऊन. त्या खिशाने आमचं महिन्याभराचं काम वाचवलं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. धाकटी लाजून बॉबिन भरत बसली. तेव्हापासून बाईंचा कोट दर वर्षी तिच्याकडेच यायचा. त्याला रॉकेलचा, धुराचा आणि आणखी कसला तरी, न ओळखता येणारा वास असायचा. दुरुस्तीला घेण्याआधी ती तो नाकाशी धरायची. इतर बायका हसायच्या. हसू देत. आपण शिवलेली वस्तू जगाच्या माथ्यावर जाऊन आली, याचं तिला मनातून फार अप्रूप होतं.

बाई फोटो आणायच्या. जेवणाच्या सुट्टीत टेबलाभोवती सगळ्या जमत. धाकटीला त्या फोटोंत काही दिसायचंच नाही, नुसतं पांढरं. एकदा तिने तसं म्हटलं, तेव्हा बाई तिला कारखान्याच्या गच्चीवर घेऊन गेल्या. तिथे धुतलेली कापडं वाळत होती. बाईंनी तिला आधी पांढऱ्या कापडावर हात ठेवायला सांगितलं, मग काळ्यावर. काळ्यावरचा हात तिने झटकन मागे घेतला.

"बर्फ पांढरा आहे तोवर तो ऊन परत धाडतो," बाई म्हणाल्या. "समुद्रावरचा बर्फ गेला की खाली काळं पाणी. ते ऊन पिऊन टाकतं, आणखी तापतं, मग आणखी बर्फ जातो."

"मग तो थांबवायचा कसा?" धाकटीने विचारलं.

बाई म्हणाल्या की थांबवायचं ते तिथे नाही, इथे आहे. कोळसा, तेल, धूर. बंदरात तेव्हा तीन बोटींची धुरांडी एकदम धूर ओकत होती. दोघी खाली उतरल्या.

अशी बरीच वर्षं गेली. मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली. मास्तरांचे केस टेबलासारखेच पांढरे झाले. मग एका वर्षी बाई कोट घेऊन आल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, या खेपेला वरचं कापड पाणी न झिरपणारं हवं.

मास्तरांनी चष्मा वर केला. बर्फात पाणी कुठलं, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, पाऊस. मास्तर म्हणाले, पावसात जायचं असेल तर बाई, छत्रीवाल्याचं दुकान पलीकडे आहे. नेहमी अशा बोलण्यावर बाई हसत. त्या दिवशी हसल्या नाहीत. टेबलाच्या कडेला टेकल्या आणि त्यांनी सांगितलं की एवढ्या वर्षांत जिथे फक्त हिम पडलेलं पाहिलं, तिथे तंबूवर पाण्याच्या सरी वाजल्या. सगळे बाहेर आले आणि तोंडं वर करून नुसते उभे राहिले. लोकर भिजली, अंगाला चिकटली, आणि गार लागलं ते कधी नव्हे इतकं. बर्फावरून निळे ओढे वाहत होते आणि पुढे एखाद्या भेगेत गडप होत होते.

मास्तरांनी कानामागचा खडू काढला, परत ठेवला. धाकटीने भीत भीत विचारलं, "बाई, तो बर्फ इतका लांब. त्याने आपल्याकडे काय होतं?"

"दोन गोष्टी," बाई म्हणाल्या. "ध्रुवाभोवती उंचावर वाऱ्याचा एक पट्टा फिरत असतो. उत्तरेला गार आणि दक्षिणेला ऊबदार, या फरकावर तो ताणलेला राहतो. उत्तरेचा गारवा कमी झाला की त्याचा ताण कमी होतो."

"म्हणजे कमरेचं इलॅस्टिक सैल झालं म्हणा की," धाकटी म्हणाली.

"मग चड्डी घसरणारच," मास्तर पुटपुटले, आणि बायकांची अख्खी ओळ खदखदून हसली. बाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच. कुठे थंडी भलतीच खाली, दक्षिणेकडे घसरते, कुठे ऊन मुक्काम ठोकून बसतं, कुठे पाऊस एकाच गावाला धरून ठेवतो. आम्हा अभ्यासकांत यावर अजून वाद आहेत, पण दुसऱ्या गोष्टीवर वाद नाही. पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला तर समुद्र फारसा वाढत नाही. आम्ही ज्याच्यावर राहतो तो बर्फ मात्र जमिनीवर बसलेला आहे, डोंगराएवढा. तो वितळून उतरला की समुद्र वर चढतोच. शिवाय तापलेलं पाणी फुगतं, ते वेगळंच.

हे सांगताना बाईंची नजर खिडकीबाहेर गेली. धक्क्याच्या पायऱ्यांपैकी धाकटी आली तेव्हा ज्यांच्यावर बायका मासळी निवडायला बसत, त्या खालच्या पायऱ्या आता ओहोटीलाच काय त्या दिसायच्या. धाकटीने त्या रोज पाहिल्या होत्या. आपण काय पाहत होतो, ते मात्र तिला त्या दिवशी उमगलं.

घरी पाणी आलं ते असंच, चोरपावलांनी. धाकटीचं बिऱ्हाड बंदरामागच्या गल्लीत, तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. नवऱ्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. एका सकाळी आभाळ निरभ्र, वारा नाही, पाऊस नाही, आणि गटाराच्या जाळीतून पाणी वर येऊन गल्लीत पसरलं. उधाणाची भरती होती. पाणी तासाभराने आलं तसं गेलं. नवरा म्हणाला, "समुद्र भेटायला येऊन गेला. चहाही न घेता गेला." गल्ली हसली.

पण मग तो पाहुणा वारंवार येऊ लागला. दरवाजांच्या खालच्या फळ्या कुजल्या. खाऱ्या पाण्याने सायकलींच्या चेन गंजून कडक झाल्या. नवऱ्याने दुकान फळ्या टाकून उंच केलं, मग विटा रचून आणखी उंच केलं, इतकं की सायकल आत चढवायला दोन माणसं लागायची. मुलगी तोवर गावाबाहेरच्या चढावर राहायला गेली होती. ती दर भेटीत म्हणायची, बाबा, आता पुरे, माझ्याकडे चला. तो म्हणायचा, चढावर सायकल कोण चालवतं? धाकटी मध्ये पडायची नाही. तिलाही जायचं नव्हतं. या खोल्यांत ती नवरी म्हणून आली होती, पोरीला इथेच पाय फुटले होते, आणि कारखाना हाकेच्या अंतरावर होता.

कारखान्यात पाणी शिरलं तो दिवस मात्र वाऱ्याचा होता. सकाळपासून समुद्र चढलेला, आणि दुपारची भरती त्याच्या पाठीवर बसून आली. सगळे खिडक्यांकडे बघत होते, पाणी आलं ते फरशीच्या सांध्यांतून. मालकांनी वीज बंद करायला लावली. मशीनं थांबली आणि बायकांनी रांग धरली. लोकरीचे तागे हातोहात माळ्यावर चढू लागले. मास्तर निवृत्त झाले होते, पण घरी करमत नाही म्हणून रोज येऊन खुर्चीत बसायचे. खुर्ची हलायला लागली तसे ते टेबलावर चढून उभे राहिले. धाकटी गुडघाभर पाण्यातून त्यांच्याकडे गेली. ते म्हणाले, आधी तागे. ती म्हणाली, "मास्तर, तागे परत विणून येतील. हात द्या." त्यांनी हात दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिचं निमूट ऐकलं असेल.

अर्धी लोकर गेली. भिजलेले तागे नंतर रस्त्यावर वाळत घातले तेव्हा त्यांच्यावर मीठ उमटलं आणि बोट लावलं की कापड कुरकुरायचं. मालकांनी महिन्याभरात ठरवलं, कारखाना वर, रेल्वेपलीकडच्या माळावर न्यायचा. तिथे पत्र्याची मोठी शेड मिळत होती. मशीनं ट्रकमध्ये चढली. टेबल मात्र कुठल्याच दारातून निघेना. जागेवर बांधलेलं, कसं निघणार? सुतार म्हणाला, दोन तुकडे करावे लागतील. मालक धाकटीला म्हणाले, "मास्तरांना तूच सांग. मला धीर होत नाही."

मास्तरांनी ऐकून घेतलं. मग काठी टेकत आले, टेबलाच्या कडेने एकदा पूर्ण फिरले, एका जागी तळवा ठेवला. सुताराने मध्यावर खूण केली होती, ती त्यांनी बाहीने पुसली.

"मधून नको. मध्ये लाकडाला गाठ आहे, करवत तिथे वाकडी जाईल," ते म्हणाले. कानामागचा खडू काढून त्यांनी या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली. रेघ सरळ होती. "इथून काप."

करवत चालू झाली तेव्हा ते बाहेर धक्क्यावर जाऊन बसले. धाकटी त्यांच्याशेजारी बसली. त्यांनी तिला तिच्या पहिल्या बाहीबद्दल सांगितलं, किती वाईट होती ते. तिसरी बाही बरी होती, हेही सांगितलं, जरा थांबून. नवी शेड पाहायला ते कधी आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

गल्ली त्यानंतर फार टिकली नाही. एकेक बिऱ्हाड उठत गेलं. नगरपालिकेने बांध घातला, त्याच्यावरून पाणी आलं नाही पण खालून झिरपत राहिलं. शेवटी एके दिवशी नवराच म्हणाला, "चल. आता हे घर आपलं कमी आणि त्या पाहुण्याचं जास्त झालंय." त्याने दुकानाची पाटी स्वतः उतरवली आणि मुलीच्या घरी जाईपर्यंत ती काखेत धरून बसला होता.

चढावर त्यांचं बरं चाललं. सायकली चढावर फारशा नसतात हे खरंच होतं, पण इमारतीतल्या मुलांच्या होत्या, आणि जिन्याखाली त्याचं नवं दुकान कुणालाही न विचारता सुरू झालं. धाकटी आठवड्यातून दोनदा शेडमध्ये जायची, नव्या मुलींना दुहेरी शिलाई शिकवायला. बर्फाचे कोट आता थोडे. पुरात माणसं काढायला जाणाऱ्यांचे पाणी न शिरणारे पोशाख, हे शेडचं मुख्य काम. मुली चटचट शिवायच्या, हाताला चांगल्या होत्या. पण शेडच्या खिडक्या उंचावर होत्या, त्यांतून नुसतं आभाळ दिसायचं. जुन्या ओळीत मान वर केली की पाणी दिसायचं, डोळे निवायचे. ते तिला फार आठवायचं.

गेल्या वर्षी बर्फवाल्या बाई तिला भेटायला आल्या. त्याही निवृत्त झाल्या होत्या. गुडघे दुखत होते, चढाने दम लागला होता. धाकटीने चहा केला. बाईंनी विचारलं, गल्ली सोडताना फार जड गेलं का? धाकटी म्हणाली, जड गेलं, पण आम्हाला चढावर लेक होती. सगळ्यांना कुठे असते? मग तिने मनात कित्येक दिवस घोळत असलेलं विचारून टाकलं.

"बाई, खरं सांगा. तो बर्फ परत गोठेल का?"

बाईंनी कप खाली ठेवला. "गेला तो आपल्या हयातीत परत येणार नाही. समुद्र आणखी चढेल. पण किती चढेल आणि किती लवकर, ते अजून ठरलेलं नाही. जेवढा धूर कमी, तेवढा बर्फ जास्त राहील. बराच आहे अजून, धाकटीबाई. मी पाहिलाय."

धाकटीने मान हलवली. जिन्याखालून नवरा वर आला, हात पुसत, आणि त्याने बाईंना कोल्ड स्टोरेजची गोष्ट ऐकवली. टोपीची झालर आता जवळजवळ गुडघ्यापर्यंत आली होती. बाई मनापासून हसल्या आणि मग, प्रवासाने थकल्या होत्या म्हणून, आतल्या खाटेवर जरा आडव्या झाल्या.

त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून नवरा-बायको स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात बोलू लागले. बोलणं आपसूक गल्लीवर आलं. त्याने टोकापासून सुरुवात केली. पहिलं दार चावीवाल्याचं. नाही, धाकटी म्हणाली, पहिलं दाईचं, चावीवाला दुसरा. बरं, दाई, चावीवाला, मग ते जुळे भाऊ, मग बोटीवरचा आचारी. त्याच्या पुढचं दार कुणाचं? इस्त्रीवाल्याचं. पण इस्त्रीवाला मागाहून आला, त्याच्या आधी कोण राहायचं? दारावर निळा पडदा होता एवढं दोघांना पक्कं आठवत होतं. पडद्यामागून रेडिओ ऐकू यायचा, हे त्याला आठवलं. एक म्हातारी उंबऱ्यात बसून शेंगा सोलायची, हे तिला. पण नाव म्हणाल तर ओठांवर येऊन परत जात होतं. चहा पुन्हा झाला, ऊन भिंतीवरून उतरलं. आत बाई उठून चष्मा शोधू लागल्या, तरी दोघं अजून त्याच दारात अडकली होती.